देवमनची आकडी, माझी जाळी

११ मार्च १९६२

त्या दिवशीही मी आधी सडा टाकला, मग चूल सारवली. भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात देवमन भिंतीवरची मासे ओढायची लोखंडी आकडी काढायला आत आला. (नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही. इथे लिहिते. कागद कोणाला सांगायला जातो!) "चाय मांडून ठेव, डोह पाहून येतोच," म्हणाला. मी नुसती मान हलवली. हात पिठात होते.

चहा उकळून उकळून काळा झाला. मग डोमाजी धावत आला. माझा दीर. त्यानं काठावरून सगळं पाहिलं होतं. गळाला मोठी मरळ लागली, देवमन आकडी मारायला डोंग्यात उभा राहिला, मरळीनं झटका दिला, डोंगा कलंडला. तो वर आलाच नाही. इतका पोहणारा माणूस! डोक्याला कड लागली असेल म्हणतात.

दोन वर्षं झाली आज. आकडी परत त्याच खुंटीला टांगली आहे.

१३ मार्च

संध्याकाळी डोमाजी आला. बसलाही नाही.

"वैनी, डोंग्याले गिऱ्हाईक आलं. देऊन टाकू."

"काहून?"

"चालवनार कोन? पडून पडून तडकून राहिला तो. मी तं काठावरूनच जाळं फेकतो."

"मी चालवीन."

"बाईमाणूस डोंग्यात बसून मासे धरीन?"

"बसूनच धरायचे भाऊजी. उभं राहून काय झालं, ते पाहिलं ना तुमी!"

तो तोंड वळवून म्हणाला, "डोंगा बापानं कोरला. माझाबी वाटा हाये त्याच्यात. अखजीपर्यंत पाह्यतो. त्या डोंग्यातून एकटीनं एक मरळ काठावर आना. जिती. नाई आनली, तं डोंगा गेला समजा."

जिती म्हणाला! बरं झालं, मलाही जितीच हवी आहे. दोन वर्षं दुसऱ्यांचे मासे टोपलीत घेऊन तेल्हाऱ्याच्या बाजारात बसते. उन्हं चढली की गिऱ्हाईक नाकाला पदर लावतं. हंड्यात जिती मरळ फिरत असली तर तेच गिऱ्हाईक वाकून वाकून पाहील. डोंगा गेला तर उरलेला जन्म दुसऱ्याच्या टोपल्यांवर.

पण मी आणणार आहे. अखजीला, अक्षय्य तृतीयेला, दीड महिन्याच्या वर अवकाश आहे.

१९ मार्च

डोंग्याच्या भेगा बुजवल्या. वल्हं मारायला माहेरी शिकलेले, हात विसरला नव्हता. डोंगा एवढा अरुंद की मांडी घालून बसलं तर दोन्ही गुडघे कडेला टेकतात. बसून राहिलं की गरीब गाईसारखा. जरा उठलं की अंगात आल्यासारखा!

आकडीची परीक्षा घेतली. वाळलेला भोपळा पाण्यात सोडला आणि बसल्या बसल्या आकडीनं ओढायला गेले. जमत नाही. वाकावं लागतं, वाकून पुरत नाही म्हणून उठावं लागतं. भोपळा तरी निमूट होता, मासा कशाला निमूट राहील? आणि लोखंड खुपसल्यावर तो जिता कसा राहील?

माझी जाऊ मैना, डोमाजीची बायको, काठावर धुणं धूत होती. ओरडली, "जाऊबाई, भोपळ्याचीच भाजी करायची तं परसात हाये नं!"

"ह्यो मासा हाये. तुया नवऱ्यावानी, नुसता फुगलेला."

हसून हसून तिचं लुगडं पाण्यात गेलं.

आकडी नको. जाळी.

२७ मार्च

चाळणीचं जुनं कडं, त्याला सुताची पिशवी, लांब बांबूचा दांडा. दिसायला झोकदार! पाण्यात घातली आणि सगळा भार बाहेर गेला, डोंगा त्या अंगाला झुकला. काठावर येऊन दांडा कापला. आता कोपरापासून बोटांपर्यंत आहे, तेवढाच पुरे. लांबचा मासा ओढायला गळाची दोरी आहे. जाळी फक्त शेवटच्या हातभरासाठी.

२८ मार्च

मरळ जाळीत आली होती. पिशवी उथळ. उडी मारून गेली.

२ एप्रिल

अकोल्याला जाऊन आले. पिशवी खोल करायची, तर सूत नको. ओलं झालं की जड होतं, आणि गळाचा काटा त्यात रुततो. नायलॉनची बारीक दोरी मागितली. दुकानदारानं मला वरून खाली पाहिलं.

"घरी कोणी माणूस नाही का पाठवायला?"

"मंग मी काय ढोर हावो?"

बाजूचं गिऱ्हाईक हसलं. दोरी निमूट मिळाली.

मोटारीत पुडक्याचा कागद वाचून काढला. कापसाचे भाव, कुठल्याशा नाटकाची जाहिरात, अर्धीच. वाचायला मी अशीच शिकले, मासे बांधायच्या रद्दीवर. पुष्कळ गोष्टींचे शेवट मला ठाऊक नाहीत.

८ एप्रिल

शिंगट्या माशानं अंगठ्यात काटा मारला. हात कोपरापर्यंत ठणकतो आहे. चूक माझीच, घाईनं मुठीत धरला. आता नियम: मासा उघड्या हातानं धरायचा नाही. मांडीवर ओलं पोतं, त्यात गुंडाळायचा. त्याच्या अंगावरचं बुळबुळीत जाऊ द्यायचं नाही, ते गेलं की तो टिकत नाही. गळ काढायला चुलीतला लांब चिमटा. मरळीचे दात पाहिलेत मी! पायाशी अर्धा हंडा पाणी, वर फडकं बांधलेलं.

स्वयंपाकघर अर्धं डोंग्यात गेलं.

१५ एप्रिल

देवमन असता तर आधी या जाळीला हसला असता. मग मागून नेली असती.

२१ एप्रिल

आणली! जिती!

सकाळी डोहाच्या खालच्या अंगाला बेडकी लावून गळ टाकला. दोरी अशी ताणली की डोंगाच ओढत निघाला. मी उठले नाही. दात आवळून बसून राहिले. तिला फिरू दिलं, दमू दिलं. जाळी आधीच पाण्यात बुडवून धरली आणि तिचं तोंड जाळीकडे आणलं. शेपटाकडून गेलं तर मासा पुढे पळतो, तोंडाकडून गेलं तर स्वतःच आत शिरतो. दांड्यानं उचलली नाही. कडं धरून कडेवरून आत ओढली. पोतं, चिमटा, हंडा. फडकं आतून धडधड उडत होतं, आणि माझी छाती बाहेरून.

काठावर मैना नाचायलाच लागली. "जिती हाये वं माय! डोळे फिरवून राहिली!"

डोमाजीनं हंड्यात पाहिलंही नाही. डोंग्याकडे पाहत म्हणाला, "डोंगा तुमचा, वैनी."

मी खुशीत होते. म्हटलं, "या, बसा समोर. जाळी कशी चालते, दाखवीन."

त्यानं एक पाय आत ठेवला. लगेच काढला. तोंड राखेसारखं. 

"नाई जमत. त्या दिवसापासून नाई जमत." मैनेनं दुसरीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. "गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कोनी नोतं वैनी. डोंगा दिसला का दादा दिसते. वाटे, तुमीबी तशाच जासान, अन् मी काठावर उभा राहीन."

मी सव्वा महिना त्याच्यावर दात खाऊन होते.

२३ एप्रिल

काल सकाळी सडा टाकला, चूल सारवली, चहा मांडला. मग डोमाजीला डोंग्यात समोर बसवलं, जाळी त्याच्या हातात दिली आणि वल्हं मी मारलं. परत आलो तोवर चहा काळा झाला होता. दोघांनी तोच प्यायला.