खरवईच्या माळावर वाजलेलं यंत्र

३ जानेवारी १९५४, खरवई

पुन्हा काही नाही! माळभर हिंडून पाय दुखले. साहेब पुढे, दगडातली किरणं टिपणाऱ्या यंत्राच्या वाट्या कानाला लावून — मी मागे, हातोडा, पाणी, पिशवी घेऊन. विष्णुपंत साहेब मुंबईच्या कंपनीचे, दगड ओळखणारे. म्हणतात, "चंदर, अमेरिकेत असंच यंत्र घेऊन माणसं युरेनियम शोधायला गेली आणि निघाला भलताच दगड. बास्टनेसाइट!" हे नाव लिहिता लिहिता पेन्सिलीचं टोक मोडलं. चौथीपर्यंतची शाळा, त्यात हे जोडाक्षर! त्या दगडातून म्हणे लायटरचा खडा होतो, ठिणगी पडणारा. अ‍ॅसिड टाकलं की फसफसतो, आणि यंत्र वाजतं.

तो सापडला की साहेब मला नोकरीत पक्का करणार. मी पक्का झालो की दौलतराव अंजनी देणार. त्यांच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत आम्ही राहतो. स्वतः म्हणाले, "नोकरी पक्की तर पोरगी पक्की." म्हणजे माझं लग्न एका दगडावर अडलंय!

५ जानेवारी

गॅसबत्तीच्या जाळ्या संपल्या म्हणून उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. टहलराम दुकानदार — "साईं, एक मेंटल में क्या होगा? पूरा पुडका ले जा, बार बार आने की झंझट नहीं!" घेतलं. पिशवीतच आहे.

६ जानेवारी

वाजलं!!!

दौलतरावांच्या खडकाळ पट्टीत. पांढरा स्फटिक काढायला मी साहेबांना चिकटून उकिडवा बसलो आणि यंत्र तडतडायला लागलं. साहेबांनी मलाही ऐकवलं — ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं! अ‍ॅसिड टाकलं — फसफसलं! साहेब नाचले. खरंच नाचले, टोपी पडली. मी पाणी आणायला गेलो तर यंत्र थंड. परत आलो की चालू! "चंदर, पायगुण रे तुझा!" लगेच मुंबईला तार.

९ जानेवारी

गावभर बोभाटा. दौलतरावांनी पट्टीला काटेरी कुंपण घातलं, आम्हालाच आत सोडेनात! "जमीन माजी, दगड माजा." त्यांची थोरली बहीण गोजरबाई अंगणातून ओरडली, "दगडाला राखण करतोय! कोंबड्या मुंगसानं नेल्या, तवा कुठं होतास?"

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "चंदर, आता आमचं नाव झालं. अंजनीला कल्याणचा ओव्हरसियर बघायला येतोय. मनाला लावून नको घेऊ. लग्नाला ये, जेवून जा."

जेवून जा! दगड मी काढायचा, आणि जेवून जायचं!

११ जानेवारी

साहेब अंबरनाथला गेले, यंत्र मेजावर चालूच ठेवून. मी पिशवी शेजारी टेकवली तर तडतड सुरू! खोलीत दगड नव्हता. कांदे काढून बाहेर ठेवले — तडतड. तंबाखूची चंची काढली — तडतड. जाळ्यांचं पुडकं ओट्यावर नेऊन ठेवलं — गप्प. आत आणलं — तडतड!

म्हणजे दगड वाजत नव्हता. मीच वाजत होतो.

गप्प बसलो तर नोकरी पक्की, पण अंजनी ओव्हरसियरची. बोललो तर दौलतराव जमिनीवर येतील, पण नोकरी बुडाली. आणि साहेबांचं काय? मुंबईचे मोठे लोक परवा येणार! दिवसभर टहलरामला शिव्या दिल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

१२ जानेवारी

सांगितलं.

साहेब आधी हसले. मग पुडकं यंत्राजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ. बसलेच. "थोरियम," म्हणाले. "जाळीत थोरियम असतं, त्याच्याही किरणांनी यंत्र वाजतं. कॉलेजात शिकलोय मी हे, चंदर." मी म्हटलं, पण फसफसला तो? "साधा कॅल्साइट, चुन्याचा दगड. तोही फसफसतो."

मग एकदम खो खो हसत सुटले. "म्हणजे मी शोधून काढलं काय — टहलरामचं दुकान!" चष्मा पुसला आणि स्वतःच दुसरी तार करायला गेले. जाताना म्हणाले, "तुझ्या नोकरीचं आता विसर. माझीच टिकली तर पुरे."

१४ जानेवारी

ओव्हरसियर आलाच नाही! दौलतरावांनी कुंपण उपटलं. धीर करून समोर गेलो. म्हणाले, "दगड गेला, नोकरी गेली. बिननोकरीच्याला पोरगी देऊ? आं?" संक्रांत म्हणून तिळगूळ तेवढा हातावर ठेवला. वर म्हणाले, गोड बोल!

काय गोड बोलू?

१५ जानेवारी

अंजनी विहिरीवर स्वतःहून थांबली. "अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात लागले मी, सोमवारपासून. बाबा बोंबलला, मग गप बसला. घरात दोघांना नोकरी कशाला पायजे? भाकरी थापता येते का तुला?"

नाही म्हणालो.

"मग शिक की!"

पहिली तव्यावरच फाटली. दुसरी थापतोय.