कव्हर मी

१६ ऑगस्ट २००५, मंगळवार

सापडला! कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांच्या कपाटात जुन्या मासिकांसोबत फुकट आलेल्या सीड्यांचा ढीग आहे, त्यात एक न उघडलेला डबा. ‘कोबाल्ट नाईन’. परग्रहावरच्या लढाईचा गेम, एका कॉमिकवरून काढलेला. त्या कॉमिकची आठ पानंही डब्यात आहेत. मासिकानं दहापैकी पाच मार्क दिलेत, म्हणून कुणी हात लावला नसेल. सेनगावच्या पोरांना गाड्यांची शर्यत आणि क्रिकेट सोडून काही सुचतं कुठं!

दोनला लेडीज बॅच सुटते. सर जेवायला घरी जातात, क्लासची किल्ली माझ्याकडे. मी मागच्या बॅचला पास झाले, आता बायकांना शिकवायला सरांना मदत करते. मिना जीप मिळेपर्यंत माझ्याजवळच थांबते. तांड्यावरून रोज येते. बॅचमध्ये सगळ्यात हुशार. माझ्याहूनही — हे फक्त इथं लिहिते.

२० ऑगस्ट

की-बोर्ड माझा, माऊस मिनाचा. मी चालवते, ती नेम धरते. दोघी मिळून एक शिपाई! एकटीला जमतच नाही. मला नेम धरता येत नाही, तिला चालता येत नाही, भिंतीलाच धडकत राहते.

आकाश नारिंगी. पायाखाली राख. लांबवर एक बुडालेलं शहर. असलं सुंदर काही मी बघितलं नव्हतं. पाच मार्क देणाऱ्याला डोळे नव्हते.

आमच्यासोबत एक म्हातारा शिपाई असतो. पांढऱ्या मिशा. आम्ही त्याला तात्या म्हणतो. पुलावर गेलं की फाटक्या स्पीकरमधून ओरडतो — ‘कव्हर मी!’ म्हणजे कव्हर द्यायला मी आहे, तुम्ही व्हा पुढं! आम्ही सुसाट पळतो. मागं तात्या मरतो. गेम पहिल्यापासून.

मिना म्हणाली, “हा तं मराठीच बोलून राहिला गं!” आज नऊ वेळा मेला बिचारा.

२६ ऑगस्ट

पंखा रात्रभर चालू राहिला म्हणून सर चिडले. चालू मीच ठेवला होता. मिना पटकन म्हणाली, “मी ठेवला सर.” बाहेर आल्यावर मला कोपरानं ढोसलं — “कव्हर मी!” हसून हसून पोट दुखलं.

आता आमचा परवलीचा शब्द झालाय. जीपमध्ये जागा धरायची — कव्हर मी. शेंगदाणे मी आणते — कव्हर मी.

२९ ऑगस्ट

बायकांचे परीक्षेचे फॉर्म सरांनी मशिनवर भरून घेतले. एकवीस जणी. फोटोसाठी सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. शकुंतलाबाईंनी तीनदा फोटो काढायला लावला, हसू नीट येईना म्हणून.

परीक्षा २५ सप्टेंबरला. मिनाचे वडील नेमसिंग म्हणालेत, पास झाली तर हिंगोलीला मावशीकडं राहून नोकरीचे फॉर्म भरू दे. नाहीतर दसऱ्यानंतर टोळीसोबत ऊसतोडीला. मिना म्हणते, “पास तं मी झोपेतबी होईन.” होईल!

२ सप्टेंबर

शेवटी पूल ओलांडला! तात्या मेला, पण आम्ही पलीकडे उडी मारली. आता गेम दुसरी सीडी मागतो, आणि ती टाकायला मशिनमध्ये जागा नाही. ‘लेडीज’ नावाचं एक फोल्डर होतं. मागच्या बॅचचं असणार. उडवलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, नाहीतर जागा होत नाही.

मिना म्हणाली, “एकदा उघडून तं पाय.” म्हटलं, माहीत आहे गं मला! चार वाजत आले होते.

तिनं डबा घरी नेला. कॉमिकची पानं डिक्शनरी घेऊन वाचणार आहे म्हणे.

५ सप्टेंबर, सोमवार

मागच्या बॅचचं नव्हतं.

सकाळी मिना धावतच आत आली, डबा हातात. “तुला एक गंमत सांगायची हाय. आत बघ, सहावं पान!” तेवढ्यात सर आले. फॉर्म आज हिंगोलीला पाठवायचे होते. मशिन उघडलं. फोल्डर नाही. एकवीस फॉर्म, एकवीस फोटो — काही नाही! तिथं कोबाल्ट नाईन बसलेला.

सरांचं लक्ष मिनाच्या हातातल्या डब्याकडे गेलं. “हे तुझ्याकडं काहून? तू उडवलं?”

मी दारात उभी होते. एवढंच म्हणायचं होतं — सर, मी. किल्ली जाईल, बाबा घराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, एवढंच डोक्यात.

मिनानं माझ्याकडं बघितलं. हळूच, मलाच ऐकू येईल असं म्हणाली — “कव्हर मी.”

मग सरांकडं वळली, पण माझं नाव घेतलं नाही. सर म्हणाले, “तांड्यावरच्या पोरीला मशिनजवळ बसवलं, माझीच चूक. उद्यापासून यायचं नाही.” डबा काढून घेतला. ती गेली.

६ सप्टेंबर

तीच म्हणाली ना? पंख्याच्या वेळीही तिनंच अंगावर घेतलं होतं. मी थोडीच म्हणाले होते, घे म्हणून!

७ सप्टेंबर

सरांनी सगळ्या बायकांना परत बोलावलं. शकुंतलाबाई कुरकुरल्या, “त्या दिवशी चांगलं हसू आल्तं, आता कुठून आणू?” वीस फॉर्म पुन्हा भरले. टाईप मीच केले. एकविसावा भरला नाही.

१० सप्टेंबर

लिहायला काही नाही.

आहे. लिहीत नाही.

१८ सप्टेंबर

बाजारात नेमसिंग भेटले. मला बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला. मला! माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

“ताई, पोरीनं काय नुसकान केलं वो तुमचं? घरी काहीच बोलून न्हाई राहिली. नुसती म्हणते, प्रतिक्षा येईल.”

म्हटलं, नाही, तसं काही नाही. म्हटलं, घाई आहे. भाजी न घेताच घरी आले. आई विचारत राहिली, पिशवी रिकामी कशी.

नाव माझं प्रतिक्षा आणि वाट ती बघतेय. कशाची पण? तिनं तर आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

२२ सप्टेंबर

उशिराचे फॉर्म उद्यापर्यंत घेतात. दुपारी सरांना सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. सर, फोल्डर मी उडवलं.

सर चहा पीत होते. पीतच राहिले. “मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. त्या मशिनचा पासवर्ड तुला नि मला, तिसरं कोण?”

“मग तिला का काढलं?”

“गाळा तुझ्या बाबांचा आहे, प्रतिक्षा. माणिकरावांच्या पोरीला काढून क्लास कुठं टाकू? रस्त्यावर? तिचं पुढच्या बारीला बघू.” ड्रॉवरमधून डबा काढून माझ्या हातात दिला. “हे घरी ने. विषय संपव.”

बाबांना सांगता आलं असतं. बाबांचा एक शब्द, आणि सरांनी फॉर्म स्वतः हिंगोलीला नेला असता. तांड्यावर जाऊन मिनाला घेऊन येता आलं असतं. मी काय केलं? “बरं सर” म्हणाले. वर, सरांनी बाबांना सांगितलं नाही म्हणून हायसं वाटलं! लाज वाटते हे लिहितानाही.

डबा ट्रंकेत तळाशी टाकला. उघडवत नाही.

२३ सप्टेंबर

बाबा दिवसभर घरीच होते.

२५ सप्टेंबर

वीस जणी परीक्षेला गेल्या.

१६ ऑक्टोबर, रविवार

टोळीचा ट्रक आज निघाला. फाट्यावर गेले होते. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

भांडी, गाठोडी, शेळ्या, लेकरं. मिना मागच्या बाजूला बसलेली, कोयते बांधलेल्या पोत्यावर हात ठेवून. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं! मीच हात वर केला. तोंडाला येईल ते ओरडले — “मिना, तू माझ्यासाठी केलंस ते मी विसरणार नाही!”

तिला कळलंच नाही मी काय म्हणतेय. कपाळाला आठी घालून बघत राहिली, ट्रक वळेपर्यंत.

१७ ऑक्टोबर

डबा उघडला. सहावं पान. तात्या पुलावर, तोंडापुढं तेच दोन शब्द. खाली पेन्सिलीनं मिनाचं अक्षर —

‘प्रतिक्षा, आपण दोघी येड्या! हा इंग्रजी बोलतो. मी म्हणजे मला. तो म्हणतो, मला वाचवा. आपण त्याला सोडून पळत होतो! ४ सप्टेंबर.’

चार तारखेला तिला अर्थ कळला होता. सरांसमोर ती मला ते म्हणाली पाच तारखेला.