ओळी कुणी पुसल्या

३ मार्च
फोनवर बाबांवर ओरडले. "तुम्हीच पुसलं असणार! अख्खी ओळ काय आपोआप जाते?" ते म्हणाले, "असेल बाई."
चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. आता तिथल्याच आठवणी टाइप करतोय, मी बनवलेल्या प्रोग्राममध्ये.

४ मार्च
ऑफिसात मरणाचं काम.

६ मार्च
सापडलं. देवा! चूक माझीच.
बाबा एकेक अक्षर खोडत नाहीत, चुकलं की अख्खा शब्द उडवतात. जुनी सवय. त्यासाठी दोन कळा एकदम दाबायच्या, हे मीच शिकवलं. गेल्या महिन्यात मी शब्द कुठे संपतो याचा नियम बदलला — इंग्रजी शब्द मधल्या अपॉस्ट्रॉफीपाशी तुटत होते म्हणून. आणि बाबा कुणाचं बोलणं लिहिलं की एकेरी अवतरणचिन्ह देतात. दोन्हींची कळ एकच! खोडताना ते चिन्ह लागलं की माझा प्रोग्राम थांबतच नाही, ओळीच्या सुरुवातीपर्यंत सगळं साफ.
आणि मी त्यांनाच झापलं.

७ मार्च
दुरुस्त केलं. पंधरा मिनिटांचं काम. बाबांना फोन नाही केला. कोणत्या तोंडाने करू?

९ मार्च
आईचा फोन. बाबा परस्पर डॉक्टरांकडे जाऊन आले! "माझं डोकं चालेनासं झालंय," म्हणाले तिला. मोठ्या काकांचं तसंच झालं होतं, शेवटी पोटच्या पोरांना ओळखेनात. मंगळवारी मेंदूची तपासणी. बाबांचं जेवणात लक्ष नाही म्हणे. आणि मी तीन दिवस तोंड शिवून बसलेय! नालायक आहे मी.

१० मार्च
गेले एकदाची. समोर बसून सगळं सांगितलं. सांगताना रडलेच. बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "गधडे! माझा जीव टांगणीला लावलास की!"
आई म्हणाली, "तरी तपासणी करूनच घेऊ या ना."
"कशाला उगीच? ठणठणीत आहेत ते," मी म्हटलं. बाबांनी लगेच फोन करून रद्द केली. पोटभर जेवले. मीही.

१३ मार्च
सकाळी बाबांचा फोन. आवाज अगदी बारीक. "माझ्या ओळी पुसल्या जातायत ग. मीच पुसत असेन. डॉक्टरांना दाखवू का? तूही महिनाभर फिरकली नाहीस."
डॉक्टरांचा नंबर फिरवतेय. लागत नाहीये.