मीटरवरची टिकली

मंगळवार, संध्याकाळ. सानपाडा

आज मेव्हण्याबरोबर गॅरेजात जाऊन अपघातातली गाडी पाहिली. माझ्या बाजूची एअरबॅग उघडली होती, सुमनच्या बाजूची नाही. सुमन गेली. मीटरवरचा एअरबॅगचा दिवा आधीपासून पेटत होता. मेकॅनिक म्हणाला होता, "सेन्सरचा लोचा आहे, बिनधास्त चालवा." दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून सुमनने त्यावर आपली टिकली लावली. म्हणाली, "घ्या, गाडीपण सवाष्ण झाली!"

टिकली अजून तिथेच आहे. मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, काढा ती. दिवा पेटतो हे तुम्हाला माहीत होतं म्हणून विमा कंपनी हात वर करेल." बरोबरच आहे त्याचं. नख लावलं. पण कुणाची टिकली काढतोय मी? राहू दिली. उद्या कंपनीचा माणूस येईल. विचारलं तर सांगेन, दिवा पेटत होता, आम्ही दोघांनी पाहिला होता.