बाबांची पेन्शन बँकेत नेताना

३ नोव्हेंबर १९७९
आज बाबांसोबत पेन्शन कचेरीत गेले. बी.ए. झाल्यावर पहिल्यांदाच. हयातीचा दाखला द्यायचा होता. कारकून नत्थूजी सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "काय गा धोंडबा, जित्ता आहेस? मंग नाचून दाखव!"
आणि बाबा नाचले! जन्मभर सडकेवर गिट्टी फोडणारा माणूस — पाय दोनदा उचलले, हात जोडले, हसले. रांगही हसली.
मी ओरडले. नत्थूजी चष्मा पुसत म्हणाला, "पोरगी शिकली वाटते. घरी ने तिले."

४ नोव्हेंबर
पेन्शन आता बँकेतून घेता येते, असं तिथल्याच फलकावर लिहिलंय. अर्ज आणला. बाबा नको म्हणतात. "तिथं बरं आहे वं. बँकेत आपल्याले कोण ओळखते?" आईचं वेगळंच — "दोन शब्द ऐकले तं अंगाले भोकं पडतात का?"
पडतात! मी विचारलं, मग छप्पन साली दीक्षा कशाला घेतली? असं वाकायला? अंगठा मी जवळजवळ ओढूनच उमटवला.

१९ नोव्हेंबर
नत्थूजीविरुद्ध तक्रारही दिली. दोन पानं. खाली सही — जया धोंडबा मेश्राम, बी.ए.

११ डिसेंबर
बँकेत बाक आहे, प्यायला पाणी आहे. साहेब बाबांना चक्क "बसा" म्हणाले! बाबा बाकाच्या कडेला टेकले. एवढ्या थंडीत घाम.

२१ डिसेंबर
बँकेनं कागद परत केले. नोकरीला लागतानाचा अंगठा आणि आताचा जुळत नाही म्हणे! गिट्टी फोडून रेषा झिजणार नाहीत का? जुन्या कचेरीतल्या कोणी ओळख पटवली तर बघू, म्हणाले. तोवर पेन्शन दोन्हीकडे बंद.

२४ डिसेंबर
नत्थूजीच्या टेबलाशी उभे होतो. अकरा वर्षं हा माणूस बाबांना दर महिन्याला बघतो. त्यानं फायलीतून माझी तक्रार काढली, नीट वाचली, मग बाबांकडे पाहिलं.
"मी याले ओळखत नाही."
"लेकरू आहे साहेब, चुकलं तिचं..." बाबा त्याच्या पायाशी वाकले. मी दंड धरून उठवलं.
"चौकशी लाव ना, बी.ए. बाई," नत्थूजी म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

२६ डिसेंबर
लावली! वरच्या साहेबांना रजिस्टर पत्र. 'माझ्या वडिलांची ओळख मूळ कागदांवरून तपासावी, व खोटे बोलणाऱ्यास शिक्षा व्हावी.' टाकून आले, मग घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा अंगणात जाऊन बसले. जेवले नाहीत.

२७ डिसेंबर
शेवटी आई बोलली. धोंडबा हे बाबांच्या मोठ्या भावाचं नाव. "तो कामावर लागला अन् सहा महिन्यांत हैज्यानं गेला. मुकादमानं त्याच्या जागी, त्याच्याच नावावर तुझ्या बाबाले उभं केलं." बाबांचं नाव देवराव. नत्थूजीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.
पोस्टात धावत गेले. थैली कालच गेली होती.