गाडी दोन शिफ्टमध्ये

३ जून, संध्याकाळ
गाडी आली. इलेक्ट्रिक. ८८ टक्के चार्ज. वीज रात्री बारा ते सहा स्वस्त, म्हणून चार्जिंग त्याच वेळात. इलेक्ट्रिशियन भिंतीवर चार्जर बसवून गेला. जाताना म्हणाला, टायमर गाडीतही आहे आणि चार्जरमध्येही आहे, एकच लावा. मला शिकवतोय! शाळेत बावीस तुकड्यांचं वेळापत्रक अकरा वर्षं मी करतोय. एकाच शिक्षकाला सलग सहा तास कधी देत नाही. चार्जर १२ ते ३, गाडी ३ ते ६. दोन शिफ्ट. कुणावर ताण नाही.

हिला सांगितलं. बरं म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये कौतुक असतं, दाखवत नाही इतकंच.

४ जून, सकाळ
८८. रात्रभरात एक टक्काही उतरला नाही. याला म्हणतात नियोजन.

७ जून
६४. नव्या गाडीला घराची सवय व्हायला वेळ लागतो.

मेहुणा आला होता. त्याची पेट्रोलची गाडी, वय वर्षं चौदा, मागचं दार दोरीने बांधलेलं. म्हणाला, दाजी, टायमर काढा, वायर लावा आणि खुशाल झोपा. जळतो. दुसरं काय.

१६ तारखेला हिची मुलाखत. मोठ्या हॉस्पिटलात लॅबची प्रमुख. १४० किलोमीटर. इतकी वर्षं लोकांचं रक्त तपासतेय, आता कुठे चान्स आलाय. ट्रेनचं तिकीट काढत होती, मी काढू दिलं नाही. घरची गाडी असताना? मी नेईन. शब्द दिला. बरं म्हणाली.

१० जून
४८. रात्री कुणीतरी वायर काढतंय. नक्की. संशयित दोन. शेजारी, माझ्या गाडीकडे बघत दात घासतो. आणि मेहुणा, स्वभावाने. वायरीवर खडूने खूण केली.

११ जून
खूण जशीच्या तशी. म्हणजे चोर हुशार आहे, काढतो आणि पुन्हा तिथेच लावतो.

गाडी ४०. चार्ज वाचवायला आजपासून शाळेत बसने. ही म्हणाली, बाहेर चार्जिंग स्टेशनवर चार्ज करून आणा. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्याकडे बघत राहिली. आदराने असावं.

१२ जून
शेजाऱ्याला तोंडावर विचारलं. म्हणाला, माझ्याकडे सायकल आहे. हे काय उत्तर झालं?

बसमध्ये उभं राहून कंबर गेली.

१५ जून, संध्याकाळ
इलेक्ट्रिशियनला बोलावलं. म्हटलं, चोर शोध. त्याने दोन्ही टायमर पाहिले. प्यायला पाणी मागितलं. मग म्हणाला, काका, दोघं एकाच वेळी चालू असले तरच वीज जाते. चार्जर कामावर तेव्हा गाडी झोपलेली. गाडी उठते तेव्हा चार्जर घरी गेलेला. बारा रात्रींत एक युनिट गेलेलं नाही.

विश्वासघात! बारा रात्री दोघांनी संगनमताने मला मूर्ख बनवलं. मी त्यांच्या तब्येतीचा विचार केला, त्याचे हे पांग फेडले!

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आता तरी टायमर काढा. का काढू? वेळापत्रक चुकत नसतं, त्याला फक्त दुरुस्ती लागते. तीन वाजता पंधरा मिनिटांची मधली सुट्टी ठेवली, चार्जर आता सव्वातीनला घरी जाईल. तेवढ्यात दोघांची भेट होईल.

१६ जून, पहाटे ५.३०
४३. मधल्या सुट्टीत तीन टक्के.

हिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत फाटकाशी आलो, तर मेहुणा उभा. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. टाकी फुल. दाराला नवी दोरी. म्हणाला, ताईने आठ दिवसांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

आठ दिवसांपूर्वी! तेव्हा तर मला चोराचा संशयही आला नव्हता. गाडी आणि चार्जर निर्जीव आहेत, त्यांना माफ. पण सख्खी बायको? मी शब्द दिला त्या दिवशी 'बरं' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी भावाला फोन!

फाइल मांडीवर घेऊन पुढे बसली. काच खाली करून म्हणाली, चहा झाकून ठेवलाय. मी हात केला. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी उभा होतो. वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

३० जून
तिला नोकरी मिळाली. उद्या हजर व्हायचं. तिथेच खोली घेतलीय, शनिवारी रात्री घरी येईल. म्हटलं, दर शनिवारी मी न्यायला येतो. म्हणाली, नको, बस वेळेवर असते. लागेल असं बोलली नाही. साधंच बोलली.

दुपारी गेली. काल झोपण्यापूर्वी तिने मला न विचारता दोन्ही टायमर काढून टाकले आणि वायर लावून ठेवली.

गाडी १०० टक्के. जायचं कुठेच नाही.