कॅप्टनचा ऑक्सिजन

२ मार्च, शनिवार
आमच्या अंतराळाच्या गेमची नवी एडिशन आली. जाडजूड रूलबुक. उद्या ट्रायल. फासे टाकणार ताई आणि आमचा डेंटिस्ट मित्र. मी मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निकाल देणारा. आज अख्खं रूलबुक वाचायचं. अक्षर न् अक्षर.

संध्याकाळी. चित्रं पाहून झाली. नियम जुनेच असणार. आपल्या हातचा मळ.

३ मार्च, रविवार
ट्रायल दणक्यात. यानाला भोक पडलं, ताईची कॅप्टन, म्हणजे गेममधलं तिचं पात्र, दुरुस्तीला बाहेर गेली. ऑक्सिजन पुरेल का? ताईने वीस बाजूंचा फासा टाकला. दोन! मी मोठा पॉज घेऊन कॅप्टनला मारलं. ताईने तिला कित्येक वर्षं सांभाळलं होतं. डेंटिस्टने घसा खाकरला. मी म्हटलं, मास्टरचा निर्णय अंतिम.

४ मार्च
ऑफिसात डबा खाताना सहज रूलबुक उघडलं. नव्या एडिशनमध्ये आकडा जितका कमी तितका चांगला! दोन म्हणजे घवघवीत यश. धडधाकट बाई मारली मी. आज ताईला फोन करून सांगणारच.

फोन केला. हवेबद्दल बोललो. उकाडा वाढलाय यावर एकमत झालं.

६ मार्च
उपाय सापडला. कॅप्टनला मरणोत्तर शौर्यपदक! पुठ्ठा कापला, सोनेरी कागद चिकटवला. बायको म्हणाली, पदक कसलं करतोस, सांगून मोकळा हो. तिला गेममधलं काय कळतं? मास्टरनेच चूक कबूल केली तर टेबलाची शिस्त काय राहील?

पदक मात्र छान झालंय.

८ मार्च
ताई रविवारी येणार नाही म्हणे. आम्हा भावंडांची तेवढीच एक भेट असते. जेवण गेलं नाही. स्वतःची लाज वाटते. उद्या तिच्या घरी जाऊन तोंडावर सांगणार.

९ मार्च
गेलो. पदक दिलं. कॅप्टनच्या शौर्यावर भाषणही केलं. सांगायचं तेवढं राहिलं.

जिना उतरलो, पुन्हा चढलो. दारातच एका दमात सांगून टाकलं. ताई म्हणाली, माहीत आहे. तिने आणि डेंटिस्टने नियम आधीच वाचले होते. दोन पडल्यावर ती आनंदाने ओरडणारच होती, तेवढ्यात मी कॅप्टनला मारून टाकलं. मग आठवडाभर माझ्या सांगण्याची वाट बघत बसली. मी विचारलं, कॅप्टन मेली म्हणून येणार नव्हतीस ना? म्हणाली, नाही रे, तू फोनवर हवेबद्दल बोललास म्हणून.

मान खाली घालून ‘उद्या ये’ म्हटलं आणि जिना उतरलो.

१० मार्च, रविवार
ताई आली. कॅप्टन जिवंत, छातीवर पदक. आजपासून मास्टर डेंटिस्ट. मी यानावरचा शिकाऊ मेकॅनिक. हरकत नाही, अनुभवी माणूस कुठेही चमकतो. पहिलाच फासा टाकला. एकोणीस! मी टाळ्या पिटत उभा राहिलो.

बाकी कुणीच उठलं नाही. ताईने रूलबुक हळूच माझ्याकडे सरकवलं.